सोळा कोरी घरं

वाशीम, बुधवार, १२ मार्च १९४१

माळ्यांचा नामदेव आज सॅक्सोफोन घेऊन आला. माझा जुना विद्यार्थी. इथल्या वरातींत क्लॅरिनेट वाजवायचा, आता मुंबईला हॉटेलच्या जॅझ बँडमध्ये आहे. इंग्रजी स्वरलिपी मी कॉलेजात शिकले होते, ती शिकवून मीच त्याला तिकडे पाठवलं. त्याने कागद पुढे केला. सगळीकडे स्वर, मध्येच उभ्या रेघांनी पाडलेली तालाची सोळा घरं कोरी.

"बाई, इथं मी चूप राह्यलो तं बँडचा मास्तर बोंबलला. शनवारी जमलं नाही तं काढूनच टाकतो म्हने. लिहेल काहीच नाही, मंग वाजवू काय?"

कोरी जागा. माझ्या वर्गात तिला शून्य मिळे. ही भीती मीच तर घातली नाही ना त्याच्यात?

"वरातीत घोडा अडून बसला की काय वाजवायचास?"

"तो हलेपर्यंत मनाले येईल ते. त्याच गान्यातून काढून."

"मग तेच."

"हॉटेलात घोडा कुठून आनू, बाई?" म्हणाला, पण वाजवू लागला.

मी बोटांवर घरं मोजत होते. नवव्यानंतर मोजायचंच राहिलं. शनिवारी त्या मास्तरचंही राहो.