माझ्या पोटाचं गडगनेर

धामणगाव बढे,
मार्गशीर्षातला गुरुवार (म्हणजे उपास, म्हणजे साबुदाणा)

सौ. निवेदितावहिनींना,

वयानं लहान पण मानानं मोठ्या, म्हणून बेबीचा वाकून नमस्कार. (वाकणं कागदावरच गोड मानून घ्या. खरंच वाकले तर उठवायला निवृत्तीसकट दोघं लागतात.) तुमची कंबर कशी आहे? दादाचं पित्त? इकडे आम्ही मजेत, कपाशी तेवढी सोडून. फोन सोडून पत्र काऊन, असं विचाराल. तर माझा फोन दुकानात असतो, आणि मी नुसतं 'हॅलो' म्हटलं की अर्धं गाव खताच्या पोत्यांवर बैठक मारून ऐकायला बसतं. म्हणून कापूस घेणाऱ्या शकीलभाईंचा ड्रायव्हर औरंगाबादला निघालाय, त्याच्या हाती हे देते. शुद्ध लिहिते आहे, कारण मागच्या पत्रातलं 'मले-तुले' वाचून तुमच्या शेजारणी खुदुखुदु हसल्या म्हणे.

तर ऑपरेशनबद्दल. तुम्ही मला धरून नेलंत, डॉक्टरांनी तपासलं, झोपेत माझा श्वास मधूनमधून बंद पडतो हे सांगितलं, आणि 'असंच राह्यलं तर एखाद्या दिवशी झोपेतच जाल' हेही तोंडावर सांगितलं. (शहरातले डॉक्टर बोलायला फटकळ. आमच्याकडचे निदान आधी चहा विचारतात.) मग त्या मनाच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी विचारलं, दुःखात जास्त खाता का? मी म्हटलं, बाई, सुखातही खाते, आपल्याकडे भेदभाव नाही. मग ठरलं की पोट कापून केळ्याएवढं करायचं, पण त्याआधी मी घरीच पाच किलो वजन उतरवायचं. लिव्हर-बिव्हर सुजलेलं असतं म्हणे, ते आकसायला हवं. नाही उतरलं तर ऑपरेशन नाही. पुढच्या मंगळवारची तारीख. आणि पातळ खायचं, असा हुकूम. पातळ म्हणजे काय, ते त्यांनी नीट सांगितलं नाही, हे मी इथं नोंदवून ठेवते. बासुंदी माझ्या मते पातळच आहे.

तरी मी नेटानं सुरुवात केली होती, देवाशप्पथ. पण शेजारच्या रुक्मिणीबाईंनी घात केला. ऑपरेशननंतर जन्मभर वाटीभरच जेवण, हे ऐकून त्यांनी तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, "अवं माय! मंग तं तुह्या पोटाची पाठवणीच हाय. गडगनेर कराच लागन." आता गडगनेर म्हणजे तुमच्याकडचं केळवण, लग्नाआधी नवरीला जेवायला बोलावतात ते. मी बावन्न वर्षांची नवरी! पाटाऐवजी लोखंडी खुर्ची, मला कुंकू, नवरदेव म्हणून निवृत्तीला टिळा, ओटीत नारळ, आणि ताटात वरण-बट्टी. बट्टीवर तूप असं सोडलं की बट्टी पोहायला लागली. एकीनं केलं म्हटल्यावर दुसरी कशी मागं राहील? समोरच्या आळीत पुरणपोळी झाली, तर मागच्या आळीनं मांडे केले. एका घरी तर बायांनी मला निवृत्तीच्या नावाचा उखाणा घ्यायला लावला. मी घेतला आणि त्या नादात दोन पोळ्या जास्त गेल्या. निवृत्ती जोडीनं शेजारी बसून मुकाट्यानं जेवतो. तुम्हाला ठाऊकच आहे, त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे नापास पोराकडून निकाल काढणं.

नाही का म्हटलं नाही, असं तुम्ही कमरेवर हात ठेवून विचाराल. वहिनी, औंदा कसं नाही म्हणू? औंदा बोंडअळीनं कपाशीची माती केली. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी लोळतेय. आणि बियाणं कोणाच्या दुकानातलं? माझ्या. दिवाळीच्या सुमारास माझ्याकडूनच बियाणं नेलेला कचरू आला, पिशवीभर किडकी बोंडं माझ्या काउंटरवर ओतली आणि म्हणाला, "घ्या, ताई, तुमची बीटी." त्यानंतर रस्त्यात दिसला की मान फिरवायचा. मला ते फार लागलं. अळी काय मी पाळली होती? पण रागवावं तरी कोणावर? त्याचं तर अख्खं शेत गेलं. आणि परवा त्याचीच बायको दारात उभी, "ताई, उद्या आमच्याकडं गडगनेर." आता इतक्या घरी जेवले आणि तिथंच डॉक्टरचं नाव सांगितलं, तर काय अर्थ निघाला असता? पीक गेलेल्याच्या घरचं नको, हाच ना! गेले. ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ठेचा. कचरू स्वतः वाढत होता. भाकर ताटात ठेवता ठेवता म्हणाला, "बियाणं तुमचं होतं, ताई, पण अळी तुम्ही नाई धाडली." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ठेच्यानं आलं असं मी सांगितलं. वहिनी, ते काही ठेच्यानं नव्हतं.

तर या सगळ्याचा परिणाम काट्यावर. सरकारी दवाखान्याचा काटा माझ्यासाठी नाही, त्याची सुई गोल फिरून परत पहिल्या घरात येते आणि नर्सबाई नऊ किलो लिहितात. म्हणून शकीलभाईंच्या कापूस मोजायच्या काट्यावर उभी राहते. काल उभी राहिले, तर गाड्या घेऊन थांबलेल्यांतला एक जण ओरडला, "शकीलभाई, ओलाव्याचे किती कापता?" (कापूस ओला असला की वजनातून कापतात, तसं.) मी खाली उतरून त्याच्या बापाचं नाव विचारलं, मग तो गाडीआड गेला. तर वहिनी, सांगायला लाज वाटते, पण वजन चार किलोनं वाढलंय. उतरायचं दूरच. डॉक्टर असं पाहून परतच पाठवणार, मग तुमची धावपळ, दादाची रजा, सगळं फुकट. म्हणून तुम्हीच त्यांना फोन करून तारीख पुढे ढकला. संक्रांतीनंतर बघू. नाहीतर शिवरात्रीनंतर. उन्हाळ्यात जखमा लवकर वाळतात असंही कोणीतरी म्हणत होतं.

दादाला साष्टांग नमस्कार (हाही कागदावरच).

तुमची नणंद,
बेबी

ता. क. : दादाला यातलं काही सांगू नका. तो लगेच गाडी काढून येईल आणि ओरडेल.

ता. क. दुसरा : मी भ्याले असं मनात आणू नका. दुकानातल्या पोत्यांमागचा साप मी एकटीनं मारलाय. गावाला विचारा.

ता. क. तिसरा : वहिनी, नमस्कार. हे अक्षर माहं, निवृत्तीचं. ड्रायव्हरले पत्र द्याले निघालो, तं रस्त्यात उघडून वाचलं. माफी असावी. वजन वाढलं नाई. सात किलो उतरलं. काट्याचा आकडा मी पाह्यला, शकीलभाईनंबी पाह्यला. पह्यल्या गडगनेरापासून हे दोन घास खाते अन् बाया आत गेल्या की ताट माह्याकडं सरकवते. कचरूच्या घरी तेवढी पोटभर जेवली. बाकी सारं मीच खाल्लं. चार किलो वाढले ते माहे हायेत. ते भेली हाय, वहिनी. मले विचारते, भूल देल्यावर मी उठलीच नाई तं? ते घोरत असते तवर माह्या डोयाले डोया लागते. घोरणं थांबलं की मी उठून बसतो अन् तिले हालवतो. एखाद्या राती मलेच जाग नाई आली तं काय करू? तारीख बदलू नका. सोमवारी तुम्ही सोता येजा अन् तिले गाडीत बसवजा. तुमच्यापुढं तिचं काई चालत नाई. अन् येतानी दादाचा एखादा ढिला सदरा घेऊन येजा. दवाखान्यात मले घालाले एकबी उरला नाई, साऱ्याईच्या गुंड्या तुटल्या.