चेअर लीडरच्या निवडणुकीची हकीकत

करामा, दुबई
शुक्रवार, २० नोव्हेंबर १९९८

ती. दादा यांस,

धाकट्या दत्तारामचा साष्टांग दंडवत, म्हणजे कागदावर जेवढं आडवं होता येतं तेवढा. मी, स्वप्नाली आणि रंजी, आम्ही तिघंही इकडे ठीक. वहिनींचे गुडघे कसे आहेत? अहमदभाईंबरोबर पाठवलेलं मलम वहिनींच्याच गुडघ्यांना लागतंय ना? (मागची डबी तुम्ही म्हशीच्या खांद्यावर संपवलीत असं कानावर आलं. म्हशीला गुण आला असेल तर तसंही कळवा, इकडे माझी पाठ दुखते.) हे पत्रही अहमदभाईच आणतील. तेच ते, आमच्या खालच्या मजल्यावरचे, दापोलीकडचे, ज्यांना तुम्ही मे महिन्यात फणस दिलात आणि ज्यांना तो विमानात घेऊ दिला नाही.

तर मागल्या फोनवर मी तुम्हाला सांगितलं होतं की आपली रंजिता शाळेत चेअर लीडरला उभी राहतेय, आणि तुम्ही त्याच दिवशी एस.टी. स्टँडवरच्या फळ्यावर रंगीत खडूने तिचं अभिनंदन लिहून टाकलंत. निकालाच्या आधी अभिनंदन करण्याची तुमची पद्धत मला माहीत आहे, सोसायटीच्या निवडणुकीत तुम्ही तेच करता. पण या बाबतीत थोडा खुलासा करणं भाग आहे. मी फसलो, असं स्वप्नाली सगळीकडे सांगत सुटली आहे. मी फसलेलो नाही. फक्त एक शब्द मला जसा ऐकू आला तसा तो नव्हता.

झालं असं. जेवताना रंजी म्हणाली की तिला चिअर लीडरची ट्रायआउट द्यायची आहे. तिच्याशी बोलणं म्हणजे आपण मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, मध्ये जेवढं सांडेल तेवढं सांडेल. मला 'चेअर' ऐकू आलं. आता मी चेअरमनचा सख्खा भाऊ. ज्या घरात दर पाच वर्षांनी कपबशी की छत्री यावरून ताटातली आमटी थंड झाली, त्या घरातल्या माणसाला चेअर म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? तरीही मी डोळे झाकून विश्वास ठेवला नाही, रीतसर चौकशी केली. पॅनेल आहे का, विचारलं. "एट गर्ल्स, पपा," म्हणाली. विरोधात कोण? ओरिक्स हाऊस. (ओरिक्स म्हणजे इथलं लांब शिंगांचं हरीण. इथे शाळांमधल्या मुलांच्या गटांना जनावरांची नावं देतात.) मग तुमची निशाणी काय? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "फाल्कन?" म्हणजे ससाणा. दादा, तुम्ही इतक्या निवडणुका काढल्यात, तुम्हीच सांगा, यात संशयाला जागा कुठे होती?

मी तयारीला लागलो. रंजीचा आवाज तुम्हाला माहीत आहे. फोनवर तुम्ही "लाइन गेली का रे?" असं विचारता, तेव्हा ती बोलत असते. वर्गात ही मुलगी आहे हे तिच्या बाईंना पालकसभेत मी गेल्यावर कळतं. तेरा वर्षांत तिने स्वतःहून काही मागितलं असेल तर ते हे, म्हणून मीही इरेला पेटलो. भाषण लिहून दिलं. त्यात पिण्याच्या पाण्याचा कूलर, बसमधला एसी आणि गणिताच्या बाईंची बदली असे तीन कळीचे मुद्दे घेतले. ते तिने निमूटपणे पाठ केलं. शिवाय ती रोज संध्याकाळी हॉलमध्ये हात वर करून उड्या मारायची, ते मी भीती घालवण्याचा व्यायाम समजलो. स्वप्नालीने चकचकीत प्लास्टिकच्या पट्ट्या कापून दोन मोठे झुबकेदार गोंडे केले, ते मी खुर्चीला बांधायचे समजलो आणि चांगले झालेत म्हणून सांगितलं. (त्यावर मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं, तेही मी प्रेमच समजलो.) उड्यांनी खालच्या शहरबानूभाभींचा, म्हणजे अहमदभाईंच्या बायकोचा, पंखा हलायला लागला, तेव्हा बिल्डिंगचा नातूर, म्हणजे आमचा पठाण रखवालदार, तक्रार घेऊन वर आला. मी त्याला म्हटलं, बेटी चेअर लीडर बन रही है. त्याने छातीवर हात ठेवून "माशाल्ला" म्हटलं आणि तेव्हापासून तो तिच्यासाठी लिफ्ट धरून ठेवतो.

ट्रायआउट मागच्या गुरुवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये होती. पालकांनी यावं असा निरोप होता. मी सफारी घातली आणि बर दुबईला देवळाजवळून झेंडूचा हार घेतला. हॉलमध्ये बघतो तर सगळ्या आया. पुरुष मी एकटा, तोही हार घेऊन. पहिली उमेदवार आली ती अहमदभाईंची अजरा. भाषणाला उभी राहील म्हणून मी सावरून बसलो, तर तिने घोट्यापर्यंतच्या ट्रॅकपँटमध्ये अशी काही उडी घेतली, हातातले तसलेच दोन गोंडे हलवले आणि फाल्कन्स, फाल्कन्स म्हणून ओरडली की माझ्या मांडीवरचा हार खाली पडला. शेजारी बसलेल्या शहरबानूभाभींना मी हळूच विचारलं, भाभी, भाषण कधी? त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी मला समजावलं की चिअर म्हणजे खुर्ची नव्हे. मैदानात आपली मुलं खेळत असताना कडेला उभं राहून त्यांना चेव आणायचा, ते काम. दादा, त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तुमचा तो फळा उभा राहिला.

उठून जावं असं वाटलं. पण पुढचं नाव रंजीचं होतं. ती मधोमध उभी राहिली आणि नेमकी टेपरेकॉर्डरमधली कॅसेट गुंतली. पीटीच्या मॅडम म्हणाल्या, चालेल, गाण्याशिवाय कर, फक्त आवाज ऐकू दे. रंजीने तोंड उघडलं. काही आलं नाही. "लाउडर," मॅडम म्हणाल्या. पुन्हा नाही. मागे कोणीतरी हसलं. तिच्या हातातले गोंडे हळूहळू खाली आले. दादा, मला तिच्यावर रागवायचं होतं, चांगलं रागवायचं होतं. पण काय करतोय हे कळायच्या आत मी खुर्चीवरून उठलो, पालथा हात तोंडावर मारला आणि शिमग्याची बोंब ठोकली. होळीपुढे ठोकतो तशी, छाती फुटेस्तोवर. सगळ्या आया माझ्याकडे वळल्या. एका बाईंनी आपलं मूल उचललं. मॅडमच्या हातातलं पेन पडलं. रंजी मात्र वळून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने एक गोंडा खाली टाकला, पालथा हात तोंडावर नेला आणि उलट बोंब दिली. एकाच शिमग्याला आली होती ती गावी, तुमच्या खांद्यावर बसून, चार वर्षांची. कुठे ठेवलं होतं तिने ते इतकी वर्षं, देव जाणे. मग फाल्कन्स म्हणून ओरडत तिने जी उडी घेतली, ती मी वर्णन करत नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि मला नीट दिसलं नाही.

घरी आल्यावर मी मायलेकींना विचारलं, मला फसवलंत का? स्वप्नाली म्हणाली की तुम्ही पॅनेल विचारलंत, तिने आकडा सांगितला, यात खोटं काय? रंजी बूट काढत म्हणाली, "यू वेअर सो हॅपी, पपा. आय डिडन्ट वॉन्ट टु स्टॉप इट." खरं सांगतो, मी पहिल्या दिवशी नीट ऐकलं असतं तर नाहीच म्हटलं असतं. तेव्हा नीट न ऐकण्याचेही फायदे आहेत, हे मी स्वप्नालीला सांगून पाहिलं. तिला पटलं नाही.

फळ्याचं काय करायचं ते तुम्ही थोरले आहात, ठरवा. लहानांना आशीर्वाद, म्हशीला गोंजारा.

तुमचा,
दत्ताराम

ता. क. – निवड झाली हे लिहायचंच राहिलं. आठ नावांत आठवं, पण आहे. मॅडमनी शेरा दिला की मुलीचा आवाज दमदार आहे.

ता. क. २ – मूळ काम हे, की क्रीडादिन पुढच्या महिन्यात बुधवारी, कामाच्या दिवशी आहे. आमचा इजिप्शियन साहेब, ज्याला सगळे मुदीर म्हणतात, मुलीच्या उड्या बघायला रजा देणार नाही. पण गोल शिक्का दिसला की तो विरघळतो. तेव्हा चिपळूणहून सोसायटीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, चेअरमनच्या सही-शिक्क्यानिशी फॅक्स करा की कु. रंजिता हिची चेअर लीडर पदावर निवड झाली असून समारंभास पित्याची हजेरी आवश्यक आहे. चेअरच लिहा. चिअर लिहाल तर घोटाळा होईल.

ता. क. ३ – रजा पूर्ण दिवसाची मागा. "पपा, प्लीज आत येऊ नका," असं रंजीने मला बजावलंय, आणि तेही चक्क मराठीत. गेटबाहेर उभं राहण्याबद्दल ती काही बोललेली नाही.