खांबाखालच्या सुनेची ओटी

११ सप्टेंबर २०१७, सस्काटून, कॅनडा
मिसिसागाचा काँडो सोडला आणि आज चक्क किल्ल्यात नोकरीला लागले. शहराबाहेर, गव्हाच्या शेतांमध्ये, पांढराशुभ्र जपानी किल्ला. मूळचा जपानात कधीच जळाला. एका हौशी धनिकाने इथे हुबेहूब उभारलाय. फक्त तळघरातला मधला खांब, खालच्या दगडासकट, तिकडून आणलेला. मी गाईड. केया म्हणाली, मॉम, दॅट्स सो कूल. चौदा वर्षांच्या लेकीने कौतुक केलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

१९ सप्टेंबर
मॅनेजर राजनने टूरवर सांगायची गोष्ट शिकवली. भिंत सारखी ढासळायची, म्हणून गवंड्याच्या सुनेला या खांबाखाली जिवंत पुरलं. मग किल्ला टिकला. लोक ऐकतात आणि खांबाला टेकून सेल्फी काढतात. माझं डोकंच फिरलं. पोरीचं नावही कुणाला ठाऊक नाही.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
नवरात्र आहे. लंच ब्रेकमध्ये खांबाला हळदकुंकू लावून ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. म्हटलं, बाई गं, आजपासून मी तुझं माहेर, कधीही ये. राजन म्हणाला, हे फायर सेफ्टीत बसत नाही. चुलीत घाल तुझी सेफ्टी, असं मनात म्हटलं.

२३ सप्टेंबर
ओटी घेणारी चिमूटभर तांदूळ परत देते. ते आज माझ्या जॅकेटच्या खिशात निघाले. ओले, मातकट वासाचे. घाबरले, खोटं कशाला बोलू? पण तिने ओटी घेतली, याचं बरंही वाटलं.

२५ सप्टेंबर
ती आलीय. आमच्या बेसमेंटमध्ये भिंतीकडे तोंड करून बसलीय. केसांत माती, मांडीवर माझा खण. केयालाही दिसते. मी वरणभाताचं ताट ठेवलं. माहेरवाशिणीला कोण हाकलतं?
तिकडे किल्ल्याच्या भिंतीला तडा गेलाय.

२७ सप्टेंबर
केया सकाळपासून ताठ उभी. पाय दगडासारखे गार. अँब्युलन्सवाल्यांनाही हलवेना. किल्ल्याला रिकाम्या जागी कुणीतरी हवंय —
बेसमेंटमधली निमूट उठली. परत पुरून घ्यायला निघाली. मी हात धरून बसवली. लेक म्हटलेल्या पोरीला परत धाडणार नाही. आणि माझी केया तर नाहीच नाही.
शेजारच्या वनिताताईंना केयाजवळ बसवलंय. मी घण घेऊन निघाले.

दुपारी, किल्ल्याच्या तळघरात
राजन पळाला. पळू दे. दार आपोआप लागलं —
खांबावर पहिला घाव. वरून माती —
केयाचा फोन. पाय हलले म्हणते. रडतेय, मॉम, कम होम —
माझे पाय गार. उचलत नाहीत. केयाऐवजी आता मी हवीय किल्ल्याला.
घणाच्या दांड्यावर माझ्या हातांशेजारी दोन मातकट हात. आली पोरगी. खांब कललाय —
माझ्या जिवावर उभा राहणार म्हणतोस? मेल्या, बघच आता —