दाराशी ताटकळलेली वेबसाइट

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच घातला आहे, पाठ धरली आहे, गोड मानून घे). तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला थांबला का? आमच्या साइटवरचे तुझे सुविचार वाचत आलो आहे. सगळेच. इकडे सगळं ठीक, आणि मी तर ठीकच्याही वर आहे.

कारण तुझ्या भाच्याने आमच्या वर्तमानपत्राची वेबसाइट पळती केली! तू मला घरातला ढ म्हणायचीस, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितो. एक बातमी उघडेपर्यंत वाचकाचा चहा निवत होता. शेवटी संपादकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, शुक्रवारपर्यंत साइट सुधारली नाही तर हे काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल. (म्हणजे मी घरी. आईला सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.)

दुखणं असं होतं. सगळ्या बातम्या डेटाबेस नावाच्या कोठीत असतात. वाचकाने पान उघडलं की साइट कोठीपाशी जायची, दार वाजवायची, आपण कोण ते सांगायची आणि नुसता मथळा घेऊन यायची. मग फोटोसाठी पुन्हा दार, पुन्हा ओळख. आई एकाच चहासाठी आधी साखर मागायला, मग दूध मागायला शेजारी गेली तर चहा व्हायचा कधी? मी ठरवलं, काही दारं उघडीच ठेवायची. ज्याला हवं त्याने वापरावं, काम झालं की दुसऱ्यासाठी मोकळं करावं. पण उत्साहाच्या भरात इतकी दारं उघडली की कोठीच कोलमडली आणि भर दुपारी पहिलं पान कोरं करकरीत. संपादक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. (जाहिरात विभागवाले जे बोलले, ते तुला लिहिण्याजोगं नाही.) दारं कमी केली, तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं सुरळीत आणि नंतर पुन्हा ठप्प. कोणीतरी दार अडवून बसत होतं आणि सोडतच नव्हतं! मी पानाचा कोपरान् कोपरा तपासला, चोर धरला, त्याला बाहेरचा रस्ता दाखवला आणि साइट अशी सुटली की संपादकांना वाटलं, बातमी आधीपासूनच उघडलेली होती. शुक्रवारी त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली (तीच, धरलेली). मावशी, डोळ्यांत पाणी आलं. थोडं पाठीमुळे, पण बरंचसं अभिमानाने.

तुझा भाचा (आता ढ नव्हे)

ता. क. चोर कोण ते राहिलंच. पानाच्या तळाशी तुझ्या सुविचाराचा चौकोन आहे ना, तो. तू दिवसातून सतरा वेळा सुविचार बदलतेस आणि नवा लगेच दिसला पाहिजे म्हणतेस, म्हणून प्रत्येक वाचकाच्या पानावर तो एकेक दार धरून तुझी वाट बघत बसायचा. कृपा करून दिवसाला एकच सुविचार ठरव. तो सकाळी एकदाच आणून ठेवीन आणि चौकोन पुन्हा चालू करीन.

ता. क. पुन्हा एकदा. तू म्हणशील, चौकोन तर मला दिसतोय. तुला दिसतोय, कारण तो मी फक्त तुझ्या फोनपुरता चालू ठेवला आहे. शुक्रवारपासून तुझे सुविचार वाचणारी या जगात तू एकटीच आहेस. म्हणून काल तू फोनवर म्हणालीस की आजचा सुविचार लोकांना फारच आवडला, तेव्हा मी नुसतं हो म्हणालो.