पाचवी वही

सोम. २ फेब्रुवारी २००९

कॉम्प्युटर गेला. सकाळी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर इंग्रजी दोन ओळी आणि आतून टक-टक-टक. स. ने (नवरा. तोंडावर अहो, इथे एकेरी. इथे तरी) टीव्हीला मारतो तशा वरून दोन थापा मारल्या. मग ओझरच्या बसची वेळ झाली म्हणून पळाला. हा माणूस विमानाच्या कारखान्यात आहे.

मी घाबरले नाही. रामकुंडावर येणाऱ्या यजमानांच्या जुन्या वह्या टाइप करण्यात पाच वर्षं गेली, पण दर महिन्याच्या एक तारखेला अख्ख्या कॉम्प्युटरचा बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतला जातो. स. घेतो. तेवढं एकच काम त्याच्याकडे आहे.

अण्णांना सांगितलं. सासऱ्यांचा जप चालू होता, माळ न थांबवता म्हणाले, "होईल सुरू. मशीनच ते."

मंगळ. ३ फेब्रु.

कॉलेज रोडच्या दुकानात नेला. तिथला माणूस म्हणे हार्डडिस्क मेली, वॉरंटीत नवीन बसवून देतो. मी म्हटलं द्या, आणि आमचा बॅकअप त्यावर उतरवून द्या.

"त्याला विंडोजची सीडी लागेल मॅडम. आणलीय?"

"तुम्ही दिली होती का?"

"आता कंपनी सीडी देतच नाही. हार्डडिस्कमध्येच असते ती."

"कुठल्या?"

"जी गेली ना, तिच्यात."

शांतपणे सांगत होता. किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घ्यायचं, आणि गिऱ्हाइकाला विचारायचं किल्ली आणली का. म्हणे पहिले काही दिवस पडद्यावर सूचना येते, सीडी बनवून ठेवा म्हणून. येत होती, आठवतंय. महिनाभर येत होती. स. दर वेळी 'नंतर' दाबायचा.

संध्याकाळी स. काय घेऊन आला? नवा माउस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बुध. ४ फेब्रु.

आज अक्षर वाईट येतंय.

दुपारी अण्णांना म्हटलं, सीडीचं घोडं अडलंय, वेळ लागेल. तोवर जुन्या वह्या काढून ठेवा, यजमान आले तर हाताने बघता येईल. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं.

"वह्या नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"सोडल्या. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. रामकुंडाच्या खाली, वाहत्या पाण्यात."

पाचही. कसर लागली होती, पानांचा भुगा पडत होता, हे खरं. अण्णांचं म्हणणं, पूर्वजांची नावं असलेला कागद रद्दीत जात नाही, चुलीत जात नाही, तो गंगेलाच द्यायचा. हळदकुंकू वाहिलं, फुलं घातली, पहाटे एकटे जाऊन सोडून आले. चार पिढ्यांनी लिहिलेल्या. कुठल्या गावचं कोण कधी आलं, कोणाच्या अस्थी घेऊन आलं, बरोबर कोण होतं, खाली सही नाहीतर अंगठा. माणूस दारात येऊन गाव आणि आडनाव सांगतो आणि आम्ही त्याला त्याचा खापरपणजोबा सांगतो. आमच्या घराला दुसरं काय आहे?

"मला विचारायचं तरी."

"तूच म्हणालीस ना, आता काळजी नाही, कायमचं झालं."

म्हणाले होते. डिसेंबरात, पाचवी वही संपली त्या दिवशी. घरभर पेढे वाटत म्हणाले होते.

गुरु. ५ फेब्रु.

स्वयंपाक केला, वाढला, कोणाशी बोलले नाही. भाजीत मीठ नव्हतं, दोघांनी निमूट खाल्ली. त्याचाही राग आला.

वह्या मोडीत होत्या. घरात मोडी फक्त अण्णांना वाचता येते. ते वाचायचे, मी टाइप करायचे, रोज दुपारी दोन तास. मला हात लावायची परवानगी नव्हती. पान उलटायचं असलं तरी अण्णाच उलटायचे. सुनेने वहीला हात लावायचा नाही ही घराची रीत. पाण्यात सोडायला मात्र रीत आडवी आली नाही.

आणि अंगठे? ते कुठे टाइप होतात? मी कंसात 'अंगठा' लिहायचे आणि पुढे जायचे. तेव्हा वाटायचं मूळ वही आहेच की.

शनि. ७ फेब्रु.

नवीन डिस्क बसवून तयार. बॅकअपची डिस्क सोबत घेऊन गेले. दुकानदाराने ती स्वतःच्या मशीनला लावली. दोन-चार क्लिक केले, म्हणाला, "यात काही दिसत नाही मॅडम. एक फोल्डर आहे, ते उघडत नाही. करप्ट आहे. फॉरमॅट मारून देऊ का, निदान डिस्क तरी वापरता येईल."

उत्तराची वाट न बघता बोट माउसवर. मी टेबलावरून हात घालून वायर उपसली. बाजूचा चहा त्याच्या बिलबुकावर सांडला. "अहो असं काढायचं नसतं!" म्हणून ओरडला. मी म्हटलं, माझ्या पाच वर्षांवर फॉरमॅट मारायचं असतं का? दुकानातली बाकीची माणसं बघत होती. बघू दे.

कॉम्प्युटर उचलून रिक्षात घातला आणि आले. घरी आल्यावर रडले, पण ते रागाचं. दुसरं काही नाही.

सोम. ९ फेब्रु.

दोन गोष्टी.

एक. वर्षाताई भेटल्या. मागच्या गल्लीत राहतात, मूळच्या सटाण्याच्या, एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतात. भाजी घेताना सगळं भडाभडा ओकले. त्या म्हणाल्या, "अहो, सीडी तुमचीच पाहिजे असं कोणी सांगितलं? त्याच जातीच्या विंडोजची कोणाचीही चालते. नवीन टाकायचंच नाहीये आपल्याला. तिच्यावरून मशीन नुसतं चालू करायचं, दुरुस्तीत शिरायचं आणि त्याला म्हणायचं, बाबा रे, ही डिस्क घे आणि जसं होतं तसं कर." फोल्डर उघडत नाही कारण तो उघडायचा नसतोच, अख्ख्या कॉम्प्युटरची मोट बांधलेली असते त्यात. लॅबमध्ये तशी सीडी आहे, उद्या आणतात. एका बाईला भाजीच्या गाडीपाशी जे कळतं ते कॉलेज रोडला पाटी लावून बसलेल्याला कळत नाही.

दोन. विंचूरहून फोन. निवृत्तीभाऊ. जुने यजमान, पाचव्या वहीतले. आई गेली गुरुवारी. दहावा शनिवारी रामकुंडावरच करायचा. अण्णा घाटावर होते म्हणून मी घेतला.

"म्हातारी लय सांगायची वहिनी, तुमच्या वहीत आमच्या पणज्याचा अंगठा हाय म्हणून. मी ल्हानपणी पाह्यलाय. यंदा नातींना घिऊन येतो, त्यांनी नाय पाह्यला. दाखवा बरं का."

"या," म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

अण्णांना निरोप दिला. ऐकून घेतला, पाय धुतले, जेवायला बसले.

मंगळ. १० फेब्रु.

वर्षाताई सीडी घेऊन आल्या. चालू झालं! निळा पडदा, दुरुस्ती, बॅकअपची डिस्कही ओळखली. मी खुर्चीच्या कडेवर. मग लाल फुली. ताईंनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "नवीन हार्डडिस्क जुनीपेक्षा लहान आहे. यावर बसणारच नाही."

फोन लावला. "तेवढी स्टॉकमध्ये नव्हती मॅडम, म्हणून एक साइज कमी दिली. रोजच्या वापराला काही फरक पडत नाही."

काय बोलले ते लिहीत नाही. अण्णा आतून बाहेर आले, इतका आवाज चढला होता. उद्या मोठी देतो म्हणाला.

गुरु. १२ फेब्रु.

झालं. आणि नाही झालं.

मोठी डिस्क बसवली. वर्षाताईंनी पुन्हा सीडी घातली. पट्टी सरकत सरकत गेली, पाऊण तास. मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं आणि समोर आमचा पडदा, जसाच्या तसा. कोपऱ्यातला कॅलेंडरचा चौकोन, मीच ठेवलेला गणपती. अण्णांनी लांबूनच हात जोडले. मी ताईंना मिठी मारली.

वह्यांचा फोल्डर उघडला. एक, दोन, तीन, चार.

पाचवी नाही.

ताईंनी सगळीकडे शोधलं. शेवटी बॅकअपची तारीख बघितली. १ नोव्हेंबर. पाचवी वही मी दिवाळीनंतर सुरू केली.

स. घरी आल्यावर विचारलं, डिसेंबरचा, जानेवारीचा आणि या एक तारखेचा बॅकअप कुठे? आधी म्हणाला घेतला होता. मग म्हणाला घेतला असेल. मग म्हणाला, "बॅकअप चालू असला की पिक्चर अडकत होता, म्हणून कॅन्सल केला. पुढच्या महिन्यात घेऊ म्हटलं." तिन्ही वेळा मी विचारलं होतं. तिन्ही वेळा 'झाला' म्हणाला होता, पेपरातून डोकं वर न काढता. मी उठून बघितलं नाही. आपल्या माणसावर पाळत काय ठेवायची, असं वाटलं होतं. हे पण लिहून ठेवते.

मेलेल्या डिस्कमधून काढता येतं कधीकधी, मुंबईला लोक आहेत, ताई म्हणाल्या. दुकानात लगेच फोन. "ती वॉरंटीत कंपनीला गेली मॅडम, शनिवारीच." परत मागवा म्हटलं. विचारून बघतो म्हणाला. विचारून बघतो!

शुक्र. १३ फेब्रु.

सकाळपासून भांडण. उद्या निवृत्तीभाऊंना काय सांगायचं?

स. चा उपाय: "त्यांनाच गप्पांत नावं विचारून घे आणि टाइप करून दाखव. कोणाला कळतंय?" मी म्हटलं, आणि अंगठा? माझा उठवू का तुमच्या शाईत बुडवून? तर म्हणे, तू प्रत्येक गोष्ट टोकाला नेतेस.

अण्णा म्हणाले, "वही बांधायला दिली आहे, असं सांगायचं."

"आणि पुढच्या वेळी आले तर?"

"पुढच्या वेळी मी असेन की नाही कोणाला ठाऊक."

म्हणजे पुढच्या वेळचं मी बघायचं. मग एकदम बोलले, माझ्याकडे न बघता, "माझ्या आजोबांनी लिहायला घेतली होती ती वही. सोडताना लगेच बुडाली नाही. मी थांबून बघत होतो." मला त्यांची दया यायला हवी होती, थोडी आलीही, आणि तिनेच आणखी संताप झाला. चूक त्यांची, आणि वाईट वाटून घ्यायचं तेही मीच.

आठवून बसले. विंचूरचं ते पान मीच तर टाइप केलंय, दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. चार भाऊ होते. एक लहानपणी गेला. निवृत्तीभाऊंच्या आजोबांचं नाव तुकाराम की सखाराम? अण्णांना विचारलं. त्यांनाही सांगता येईना. ते वाचत होते, मी टाइप करत होते. दोघांपैकी कोणी लक्षात ठेवत नव्हतं.

शनि. १४ फेब्रु. सकाळी अकरा

विंचूरची मंडळी सातलाच आली, दोन जीप भरून. परस्पर घाटावर गेली. अण्णाही गेले. स. ला आज अचानक ओव्हरटाइम लागला.

अण्णा निघताना चपला घालत म्हणाले, "विधी झाला की त्यांना वर पाठवतो. मला दुसरा एक यजमान आहे, वेळ लागेल. तू सांग."

"मी?"

"वहीचं आता तूच बघतेस ना."

लग्न होऊन सोळा वर्षं. त्या वहीचं एक पान उलटू दिलं नाही मला. आता वही नाही, तर वहीचं मी बघते.

रात्रीपासून ठरवलंय की खरं सांगायचं. पाण्यात सोडली, आणि आमच्याकडे उरली नाही. तोंडपाठ केलंय. पण सकाळी आंघोळ करताना 'बांधायला दिलीय' हे वाक्य आपोआप जिभेवर आलं, आणि किती सोपं वाटलं. अण्णांचा राग, स. चा राग, दुकानदाराचा राग, सगळा खराच आहे. पण पेढे वाटणारी मीच होते, आणि निवृत्तीभाऊंसमोर ते सांगायची मला लाज वाटतेय.

खाली जीप थांबली. जिन्यात पावलं. मुलींचे आवाज, तीन असाव्यात. निवृत्तीभाऊ त्यांना सांगताहेत, "हळू बोला गं. हात धुतले का? वहीला वल्ला हात नाय लावायचा."

बेल वाजली. उठते.