सहाव्या आठवड्यातला ठिपका

बाबा, तुमच्या हयातीत ज्या मुलीला तुमच्याशी मान वर करून बोलता आलं नाही, तिने आज तुम्हांला लिहावं हे धारिष्टच. त्याबद्दल आधी क्षमा करा.

मला अजून दिसतं: माजरीच्या आपल्या खोलीत तुम्ही कोळशाच्या खाणीतून नुकते आला आहात. दवाखान्यातली गोळ्यांची पुडी माझ्यापुढे ठेवता. "वर्गात पयली येतेस ना? मंग एकेक गोळी बरोब्बर मधातून काप. माह्या जोडीदारालेबी खोकला हाय." आई चुलीपाशून म्हणते, "डॉक्टरनं तुमाले देल्या, त्याले काऊन?" तुम्ही हसता. "खाली खाणीत तो आधी छत ठोकून पायते, मंग मी पाय टाकतो. अन् मी त्याले अर्धी गोळी नाई देऊ?" मी ब्लेडने कापत जाते, एकही वाकडी तुटत नाही, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवता. अर्ध्या मात्रेने क्षयाचे जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात, हे मी पुस्तकात वाचलं तोवर तुम्ही आणि तुमचा जोडीदार, दोघेही गेला होतात.

आता चंद्रपुरात, क्षयरोग्यांच्या वॉर्डामागच्या खोलीत, मी तसलेच सरावलेले जंतू काचेच्या नळ्यांत पेरते. नळीत अंड्याचा हिरवट थर, थरात नवं औषध. त्याला अजून नाव नाही, नुसता क्रमांक आहे. त्यावर जंतू वाढतात का, ते सहा आठवडे पाहायचं. ज्याच्या थुंकीतले हे जंतू, तो चिमूरचा म्हातारा रोज विचारतो, "बाई, आली का माही गोळी?"

आज मुदत संपली. नळ्या स्वच्छ होत्या. शेवटच्या नळीत मात्र भाकरीच्या चुऱ्याएवढा एक पिवळसर ठिपका. प्रयोगशाळेच्या साहेबांनी ती उजेडात धरली. "एकानं काय होते? 'वाढ नाही' लिहा अन् मोकळ्या व्हा. तो म्हातारा थांबून राह्यला तिकडे." एखादा ठिपका वाढ म्हणून धरत नाहीत; नियमाने त्यांचं चुकत नव्हतं. तरी मी लिहिलं: 'एक ठिपका वाढला आहे. चाचणी पुन्हा व्हावी.' साहेबांनी माझ्याकडे न पाहता सही केली. वॉर्डावरून जाताना म्हाताऱ्याने विचारलंच. "अजून नाई, बाबाजी," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

अहवाल औषध बनवणाऱ्यांकडे गेला. हे पत्र वहीतच राहील. एक सांगायचं आहे. त्या पुडीवर 'रोज एक पूर्ण गोळी' असं लिहिलेलं होतं. तुम्हांला वाचता येत नव्हतं. मी वाचलं होतं. मोठ्याने वाचलं नाही.

अहवाल टपालात टाकला: मंगळवार, १८ नोव्हेंबर १९८६, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे.