टाकीतल्यांना उपाशी ठेवण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
टाकाऊपासून मातीत विरघळणारे प्लास्टिक निर्मिती प्रकल्प.

विषय : माझी बदली टाकी विभागातून आवक-जावक टेबलावर न करणेबाबत.
संदर्भ : आपले परवाचे ‘कारणे दाखवा’ पत्र (माझी प्रत जिन्यावर उरलेल्या फेसात भिजली, तरी वाचता येते).

महोदय,

“हाताखालचं कोणी उपाशी असेल तर आपण घास उचलायचा नाही,” असे माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच दुपारी मला सांगितले. त्या जाऊन नऊ वर्षे झाली, नेम मोडलेला नाही. सदर प्रकरणाचे मूळ तिथे आहे, म्हणून आधी नमूद करते.

मी टाकीजवळ सहा वर्षे आहे. रसाच्या कारखान्यातून येणारा सालींचा चोथा गाळायचा आणि ते गोड पाणी टाकीतल्या जिवाणूंना घालायचे, हे माझे काम. माणूस अंगात चरबी साठवतो तसे हे जीव प्लास्टिक साठवतात. पुढे ते त्यांच्याकडून कसे काढून घेतात, हे मी कधी विचारलेले नाही. आपणही सांगू नये ही विनंती.

प्रत्येक खेपेचे शेवटचे दोन दिवस जुने साहेब स्वतः बघत. ते निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळेच्या नव्या बाईंनी ते काम माझ्यावर सोपवले. म्हणाल्या, “मावशी, गोड पोटभर द्यायचं, पण शेवटचे दोन दिवस नत्राचा क्षार एकदम बंद. वाढता आलं नाही की मगच ते साठवायला लागतात.” मी मान डोलावली. पण दुपारी डबा उघडला आणि हात पुढे जाईना. समोर एवढी कोट्यवधी तोंडे. मी एक चमचा क्षार टाकला आणि मग जेवले. दुसऱ्या दिवशी एक चमचा टाकायचा म्हणजे अगदीच कंजूषपणा वाटला, म्हणून तीन टाकले.

परिणाम आपणास ठाऊक आहे. तीन खेपा जिवाणू वाढतच राहिले आणि प्लास्टिक नखाएवढेही निघाले नाही. रोपवाटिकेच्या दोन हजार पिशव्या रखडल्या. तिसऱ्या खेपेला फेस झाकण उचलून बाहेर आला, जिना उतरला आणि आपल्या दालनात शिरला. आपण टेबलाखाली बूट काढून बसता हे बूट तरंगत बाहेर आल्यामुळे सर्वांना कळले, याबद्दल मी विशेष दिलगीर आहे.

फेसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत “क्षार कोणी टाकला?” असे आपण तीनदा विचारले आणि मी गप्प राहिले. त्याची नोंद ‘उद्धटपणा’ अशी झाली आहे. वस्तुतः दुपारी बारापर्यंत माझे मौन असते, आणि लिहून दाखवणे हेही मी बोलण्यातच धरते. बारा वाजून एक मिनिटाने मी कबुली द्यायला आले, तेव्हा आपण बूट वाळवायला गच्चीवर गेला होता, म्हणून नेमासकट सगळे बाईंना सांगितले, ते त्यांनी आपणास कळवले.

आवक-जावक टेबलावर उपाशी राहणारे कोणी नाही, तिथे तुमचा नेम सुखाने चालेल, असे आपण लिहिता. खरे आहे. पण टाकीचा वास बदलला की यंत्राच्या आधी मला कळतो. सहा वर्षे ज्यांना भरवले त्यांना सोडून कागदांवर शिक्के मारत बसले, तर घास तसाही उतरणार नाही.

काल बाईंनी जुन्या साहेबांच्या वेळचा एक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. प्रत्येकाच्या पोटात चकाकणारे दाणे होते. बाई म्हणाल्या, “बघा मावशी, हे उपाशी आहेत का? गोड पुढ्यात आहेच. फक्त एका गोष्टीवाचून राहतायत.” एका गोष्टीवाचून राहणे मला नवीन नाही. म्हणून असे ठरवले आहे की, जोवर त्यांना क्षार नाही, तोवर मला मीठ नाही. पोट त्यांचेही भरलेले, माझेही. सासूबाईंची यास हरकत नसावी.

तरी ही चौथी खेप माझ्या हातून होऊ द्यावी. प्लास्टिक न निघाल्यास मी स्वतः शिक्का उचलून त्या टेबलावर जाईन.

आपल्या टाकीजवळची,
मावशी
गुरुवार, दुपारी बारानंतर

सोबत :
१) क्षाराच्या कपाटाची किल्ली.
२) चमचा.

ता. क. आपण जेवायला गेला आहात, म्हणून अर्ज टेबलावर ठेवून टाकीकडे जाते. क्षार आजपासून बंद आहे. डबा अळणी आणला आहे.